पस्तिसावर अडकलेला स्पीड

वाचकाचं पत्र

माझं वय 36. माहेर पारोळ्याचं, सासर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात. बी. ए. लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून केलं. मुलगी नववीला, मुलगा सहावीला. दीड वर्षापूर्वी टायपिंगचा क्लास लावला. मराठी 30, म्हणजे मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा, पहिल्याच वेळी निघाली, म्हणून हुरूप आला. मराठी 40 ला मात्र एकदा नापास झाले आणि आता चार महिने स्पीड 34 ते 37 मध्येच फिरतोय. एक दिवस 38 आला, मी इतकी खूश झाले, आणि दुसऱ्याच दिवशी 32! रोज एसटीने येते, एक तास बसते, परत जाते. माझ्यासोबतच्या मुली सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास बसतात, त्या पुढे निघून गेल्या. माझे खाडेच फार. कानबाईच्या सणाला आठ दिवस गेले, मग सासूबाईंचं आजारपण, मग कापूस वेचणी. प्रत्येक खाड्यानंतर स्पीड खाली. मी वहीत रोजचा आकडा लिहिते, ती वही आता उघडावीशी वाटत नाही. जाऊबाई म्हणतात, "या वयमा काय शिकी राहिनी तू?" हे काही बोलत नाहीत, पण फी देताना चेहरा दिसतो. माझं खरंच वय झालंय का? जमणारच नसेल तर सोडून देऊ का?
— बोरीकाठची एक वाचक

उत्तर

ताई,

पत्रासोबत वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत, फार बरं केलंत. नुसत्या पत्रावर मी धीराचे चार शब्द लिहिले असते आणि त्यांचा तुम्हाला फारसा उपयोग झाला नसता. वही वाचल्यावर मात्र सांगण्यासारखं बरंच सापडलं.

विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. आत्ता सोडू नका. आणि त्या मुलींची बरोबरी करायची म्हणून तासही वाढवू नका. तुमचं घोडं अडलंय ते सरावाच्या पद्धतीत, आणि पद्धत बदलता येते. हे तुमची समजूत काढायला म्हणत नाही. कशावरून म्हणते ते सांगते.

तुमचा 38 चा दिवस बघा. बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, 'उतारा: माझं गाव'. दुसऱ्या दिवशीच्या 32 शेजारी लिहिलंय, 'ग्रा. पं. ठराव'. आता हे दोन उतारे डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात घर, नदी, शाळा, कापूस, आजी असले सरळ शब्द असणार. ठरावात 'सर्वानुमते', 'प्रस्तावित', 'अध्यक्षांच्या', 'कार्यवाही', 'निर्णय'. वहीच्या वर 'रेमिंग्टन' लिहिलंय, म्हणजे तुम्ही त्याच कीबोर्डवर शिकताय. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते आणि रफार अक्षरानंतर. 'निर्णय' म्हणताना तोंडात र आधी येतो, ण नंतर. बोटांना मात्र आधी वेलांटी, मग न, मग ण, ण झाल्यावर रफार आणि शेवटी य अशा क्रमाने जावं लागतं. तोंडाचा क्रम एक, बोटांचा क्रम दुसरा. अशा शब्दांनी भरलेल्या उताऱ्यावर 32 येणं आणि साध्या उताऱ्यावर 38 येणं यात चढलं-पडलं काहीच नाही. दोन्ही दिवशी बोटं तीच होती. तुम्ही मात्र एका रात्रीत सहा शब्द गमावल्याचं दुःख करत बसलात.

दुसरं पान दिवाळीनंतरचं आहे. तेव्हा तुम्ही सकाळी वेचणीला जात होतात आणि दुपारची बस धरून क्लासला येत होतात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला कशी लागतात हे मी तुम्हाला सांगायला नको. बोटांची टोकं सोलवटलेली, पाठ भरून आलेली, आणि तशा हातांनी 34 आलाय. मला तो आकडा त्या पानावरचा सगळ्यात चांगला वाटला. वहीत तुम्ही त्याच्याभोवती लाल गोल केलाय. तो लाल गोल खोडून टाका.

तरीही चार महिने 34 ते 37, हा काही सगळा उताऱ्यांचा आणि वेचणीचा दोष नव्हे. स्पीड खरोखर अडकलाय. तर हे अडकणं काय असतं तेही समजून घेऊ.

तारेचं खातं होतं त्या काळात, 1897 साली, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी तारबाबू तयार कसा होतो याचा अभ्यास केला. आपल्याकडे भुसावळसारख्या जंक्शनवर कट्ट-कडकट्ट ऐकून संदेश लिहून घेणारी जी माणसं असायची, त्यांचंच काम. शिकणाऱ्याचा वेग दर आठवड्याला मोजून त्यांनी आलेख काढला. संदेश ऐकून लिहून घेण्याचा वेग सुरुवातीला भराभर चढायचा आणि मग आठवडेच्या आठवडे एका जागी आडवा पडायचा. तोही कुठे, तर मुख्य लाइनवर काम मिळायला जेवढा वेग लागतो त्याच्या जरासा खाली. बरेच उमेदवार नेमके इथेच कंटाळून सोडून देत. जे टिकत त्यांचा वेग पुढे पुन्हा चढायचा. त्या दोघांचं म्हणणं असं की शिकणारा आधी एकेक अक्षर ओळखतो, मग अख्खा शब्द एकदम ओळखू लागतो आणि त्यानंतर शब्दांचे जोडच्या जोड. आलेख आडवा पडतो तेव्हा जुनी सवय पूर्ण वापरून झालेली असते आणि वरची सवय अजून हातात आलेली नसते.

मांडे करायला शिकलात ते दिवस आठवा. पोळपाटावर लहानशी पुरणपोळी कुणीही लाटतं. पण सासूबाईंनी "आता हातावर घे" म्हटल्यावर पहिले कितीतरी मांडे खापरापर्यंत पोहोचण्याआधीच फाटले असतील. पोळपाटावर राहिला असतात तर एकही फाटला नसता, पण मांडाही झाला नसता. मराठी 30 ला तुम्ही अक्षर-अक्षर करून पोहोचलात आणि तेवढ्यासाठी ते पुरलं. 40 ला शब्द एकदम यावा लागतो, आणि तुम्ही अजून तोच अक्षर-अक्षराचा सराव जास्त जोर लावून करताय. म्हणून म्हटलं, तास वाढवून काही होणार नाही.

त्या मुलींबद्दल. त्या चार तास बसतात आणि तुम्ही एक, म्हणून त्या पुढे गेल्यासारख्या दिसतात. ब्रिटनच्या टपाल खात्यात पोस्टमन लोकांना टायपिंग शिकवायचं होतं, तेव्हा अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे गट पाडले. कुणी दिवसाला एकच तास, कुणी दोन तास, कुणी दोन वेळा दोन-दोन तास. 1978 मध्ये निष्कर्ष छापून आले. तेवढंच कौशल्य यायला एकूण तास सगळ्यात कमी लागले ते रोज एक तास बसणाऱ्यांना. चार तासवाल्यांचे तास जास्त खर्ची पडले. पण मला यातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे वाटते. सगळ्यात नाराज गटसुद्धा एक तासवाल्यांचाच होता! कारण दिवस मोजले तर ते मागे दिसत होते. शेजारचे लोक लवकर उरकून गेले आणि आपण अजून इथेच, असं त्यांना वाटायचं. ताई, तुमचं पत्र वाचताना मला तेच पोस्टमन आठवले. रोजचा तुमचा एक तास हा उत्तम तास आहे. तो कमी पडतोय ही समजूत काढून टाका.

वयाचं म्हणता, तर टिमोथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1984 मध्ये 19 ते 72 वयाच्या टायपिस्टांवर केलेलं काम आहे. नुसतं बोट आपटण्याचा आणि पटकन प्रतिसाद देण्याचा वेग वयाप्रमाणे कमी होतो, हे त्यातही दिसलं. पण टायपिंगचा वेग त्या मानाने कमी झाला नव्हता. का, तर वयस्क टायपिस्टांचे डोळे उताऱ्यात बोटांच्या जास्त पुढे धावत होते. बोट 'ग्राम' वर असताना डोळा 'सभेच्या' वर पोहोचलेला. आता हे अनुभवी लोक होते, नवशिके नव्हेत, हे खरं. तरी 36 व्या वर्षी "वय झालं" म्हणण्याला यातून काही आधार मिळत नाही. जाऊबाईंना हे सांगत बसू नका, त्याने घरात फक्त वाद वाढेल.

आता काय करायचं ते. आमच्या गल्लीत टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या एक मॅडम आहेत, नाव झाकून तुमची वही त्यांना दाखवली. त्यांनी आधी विचारलं, "ही बाई अडते कुठल्या शब्दाला, ते कुठे लिहिलंय?" वहीत ते कुठेच नाही. सगळे आकडेच आहेत.

म्हणून रोजचा स्पीड लिहिणं बंद करा. आजपासूनच. त्या जागी, उतारा मारून झाला की ज्या शब्दावर बोट थबकलं किंवा नजर खाली कीबोर्डवर गेली, त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि घरी जाऊन वहीत तेवढे शब्द उतरवा. आठवडाभरात लक्षात येईल की तेच दहा-पंधरा शब्द फिरून फिरून येतात. माझा अंदाज, रफारवाले आणि क्ष-ज्ञवाले असतील. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली दहा मिनिटं फक्त त्यांना द्यायची. सुटा शब्द मारायचा नाही, आजूबाजूच्या शब्दांसकट मारायचा. 'सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' 'पुढील कार्यवाहीसाठी सादर.' 'आपणांस कळविण्यात येते की.' कार्यालयीन मराठीचा हा एक मोठा फायदा आहे, तेच तुकडे शंभर ठिकाणी येतात. असे तीस-चाळीस तुकडे बोटांत बसले की उताऱ्याचा बराचसा भाग विचार न करता उतरतो. तारबाबूंच्या आलेखात वेग पुन्हा चढायचा तो याच रस्त्याने.

मग एक मिनिट धावायचं. चुका झाल्या तरी मागे वळायचं नाही, आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा जोरात मारत सुटायचं. लगेच तोच परिच्छेद इतका सावकाश की एकही चूक होणार नाही. हे दोन्ही आलटून पालटून. तुम्ही आत्ता सगळा तास मधल्या वेगाने मारता, आणि त्याच वेगाची सवय पक्की होत जाते. धावताना बोटांना नवा वेग कळतो, सावकाश मारताना चुका मुरत नाहीत. मॅडमचं म्हणणं, पहिले दोन-तीन आठवडे एकूण स्पीड थोडा खाली आल्यासारखा वाटतो, तेव्हा विद्यार्थी घाबरून परत जुन्या पद्धतीवर जातात. तुम्ही जाऊ नका.

मोजायचं असेल तर पंधरा दिवसांनी एकदा मोजा. दोन उतारे बाजूला काढून ठेवा, एक सोपा, एक ठरावासारखा अवघड, आणि एरवी त्यांचा सराव करू नका. त्या दिवशी प्रत्येक उतारा तीन वेळा मारा आणि तिन्हींतला मधला आकडा वहीत लिहा. सगळ्यात चांगला लिहिलात तर पुढच्या वेळी निराशा ठरलेली, आणि सगळ्यात वाईट लिहायचं कारण नाही. वेचणीचा हंगाम, ताप, रात्रीचं जागरण असेल तर शेजारी तेही लिहा.

खाडे तर होणारच. कानबाई येणार, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणं होणार, घरात कुणी ना कुणी आजारी पडणार, मे महिन्यात भर दुपारी एसटीने यायची हिंमत होणार नाही. आपल्याकडच्या बाईचं वर्ष असंच असतं आणि त्यात सलग सहा महिने कुणाला मिळत नाहीत. याबाबत एक जुनी, पक्की गोष्ट आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं की एकदा शिकून विसरलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, आता काहीच आठवत नाही असं वाटत असलं तरीही. तुमच्या वहीतही ते दिसतंय. कानबाईनंतर 31 वर आलात आणि नऊ दिवसांत पुन्हा 35. पहिल्यांदा 31 वरून 35 ला जायला तुम्हाला दोन महिने लागले होते. खाड्यानंतरचा पहिला आठवडा मोजायचाच नाही, एवढा नियम ठेवा.

खाड्याच्या दिवसांत घरी दहा मिनिटं करता आली तर फार चांगलं. साधा यूएसबी कीबोर्ड काहीशे रुपयांत मिळतो आणि ओटीजीची पिन लावून बहुतेक फोनना जोडता येतो. फोनवर रेमिंग्टनची अक्षरं उमटतात का ते क्लासच्या सरांकडून बघून घ्या. नाही उमटली तरी आधी वेलांटी, शेवटी रफार हा बोटांचा क्रम घोटायला कोरा कीबोर्डसुद्धा चालतो. भाकऱ्या टाकून झाल्यावर, मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा तिच्याशेजारी बसा.

आता थोडं कडक बोलते. तुम्ही मराठी 40 च्या मागे एवढ्या का लागल्या आहात? पत्रात लिपिकाच्या नोकरीचा उल्लेख नाही, पण वहीच्या कोपऱ्यात 'क्लर्क-टायपिस्ट जाहिरात?' असं लिहिलेलं दिसलं. ते जर मनात असेल, तर राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 चं प्रमाणपत्र मागतात. मराठी 30 तुमच्याकडे आहे आणि पदवीही आहे. म्हणजे ज्या दारासमोर तुम्ही चार महिने हताश उभ्या आहात, ते तुम्हाला आधीच उघडं आहे. तिथे खरी गाळणी लेखी परीक्षेची असते. वयाची अट खुल्या प्रवर्गाला सर्वसाधारणपणे 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांची. तुम्ही कोणत्या प्रवर्गातल्या ते लिहिलेलं नाही, पण खुल्या असाल तर हातात दोनच वर्षं आहेत, आणि ती मराठी 40 वर खर्च करणं मला पटत नाही. मग टायपिंग रोजचा एक तास तेवढं ठेवा आणि उरलेला वेळ लेखीच्या अभ्यासाला द्या. वय कोणत्या तारखेला धरलंय ते प्रत्येक जाहिरातीत नीट वाचत चला. नोकरी मनात नसेल, 40 करून दाखवायचीच असेल, तर तेही माझ्या मते पूर्ण योग्य कारण आहे आणि मग काही घाई नाही.

तुमच्या यजमानांचा चेहरा फी देताना दिसतो म्हणता. तो नाराजीचा आहे असं तुम्ही धरून चालला आहात, पण त्यांना विचारलंत का? कापसाचा भाव पडला असेल, सासूबाईंच्या औषधाला पैसे गेले असतील, चेहऱ्याची कारणं अनेक असतात. एकदा वही त्यांच्यासमोर ठेवा. 30 ची परीक्षा निघाली तेव्हाचं पान दाखवा, अजून किती महिने लागतील आणि किती पैसे लागतील ते सांगा आणि एक नेमकं काम मागा. संध्याकाळी सात ते आठ घरातलं कुणीही तुम्हाला हाक मारणार नाही, एवढी जबाबदारी त्यांनी घ्यावी. माणूस गप्प असला तरी नेमकं काम सांगितलं की बरेचदा करतो.

जाऊबाईंचं बोलणं टोचतं, हे मला कळतं. रोज एकाच चुलीशी वावरायचं आणि रोज ते ऐकायचं, सोपं नाही. त्यांना पटवायच्या भानगडीत पडू नका. पण मुलीसमोर कधी तसं बोलल्या तर मात्र तिथेच, शांतपणे, "मी शिकतेय आणि शिकणार आहे" एवढं म्हणा. नववीतली मुलगी सगळं ऐकत असते.

सोडायचंच ठरलं तर तोही तुमचा निर्णय आणि त्यात कमीपणा नाही. फक्त तो 32 आलेल्या दिवशी बसमध्ये बसून घेऊ नका. नवी पद्धत तीन महिने करा, सहा पंधरवड्यांचे आकडे वहीत येऊ द्या, एकदा परीक्षेला बसा, आणि मग ठरवा. अडणाऱ्या शब्दांची पहिली यादी झाली की ती मला पाठवा. त्यावरून तुम्हाला सरावाचे तुकडे काढून देईन, असं मॅडम म्हणाल्या आहेत.